साप्पोरोच्या दारात सडा

विमानातून खाली पाहिलं तर सगळं पांढरं. घरं, रस्ते, शेतं, काहीच वेगळं ओळखू येईना. जणू चुन्याची गोणी उपडी केलेली. शेजारची बाई हौसेने फोटो काढत होती. मला वाटलं, इथे माणूस राहतो कशाला?

माझा मुलगा प्रसाद राहतो. आधी तो टोकियोत तोयोसुला होता, तिथे आपली माणसं पुष्कळ. मग कंपनीने त्याला उत्तरेला साप्पोरोला पाठवलं आणि सून अश्विनी वैतागली. नात ईराला घेऊन तोयोसुला परत जाते म्हणाली. तिला समजवायला मला सांगलीहून बोलावलं होतं. विमानतळावरच मी प्रसादला म्हटलं, "आधी थंडी बघते. मग कोणाला समजवायचं ते ठरवते."

थंडी बघितली. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ होतात. ओला पंचा दोरीवर टाकला तर पापडासारखा कडक झाला. सकाळी खिडकीची अर्धी काच बर्फाने बुजलेली. घरात मात्र हीटर असा, की मी शाल काढून ठेवली. तिथला बटाटा गोड, भाजी खाताना वरून तिखट घ्यावं लागलं.

गेन्कानमध्ये (दाराच्या आत जोडे काढायची जागा) अश्विनीची भरलेली बॅग उभी होती.

"बाहेर का जात नाहीस गं?"

"कुठे जाऊ आई? आणि बोलू कोणाशी? इथे दार उघडलं की बर्फ, मिटलं की भिंत."

मला तिचंच पटलं. प्रसादला तसं सांगायचं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उठले आणि रोजच्या सवयीने दारात सडा घातला. पाणी चांगलं कोमट घेतलं होतं, बर्फही विरघळेल म्हणून. आत येऊन चहा ठेवला, तोवर बाहेर धप्पकन आवाज झाला. पायरीपासून रस्त्यापर्यंत पाण्याची काच झाली होती आणि तिच्यावर शेजारची म्हातारी मोरी-सान फावड्यासकट बसली होती. ती युकिकाकी करत होती, म्हणजे रोज सकाळी आपापल्या दारातला बर्फ ओढणं. आमच्या दारातलाही तीच ओढायची, हे मला तेव्हा कळलं.

अश्विनी स्वेटरही न घालता धावली आणि तिच्या शेजारीच आपटली.

"सुमिमासेन, सुमिमासेन!" (माफ करा.)

गादीएवढ्या जाड कोटामुळे मोरी-सानला काही लागलं नव्हतं. तिने बर्फाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. ईराने उत्तर दिलं, तशी म्हातारी बसल्या जागी हसायला लागली.

"काय सांगितलंस गं?"

"सड्याला शब्द नाही, आजी. मी म्हटलं, आमची आजी रोज सकाळी घराचं तोंड धुते."

मोरी-सानने कोपऱ्यावरच्या पेटीतून वाळूची पिशवी आणली. पाय घसरू नये म्हणून तिथे रस्त्यावर वाळू ठेवलेली असते. तिने मुठीने फेकून दाखवली. मी चिमटीत धरली, आणि हात आपोआप वळला. चार ठिपके, एक कमळ. आपली रांगोळी पांढरी, ही पांढऱ्यावर काळी.

ईरा म्हणाली, "ती विचारतेय, हे पण घसरू नये म्हणून का?"

"नाही म्हणावं. हे कोणी यावं म्हणून."

दुसऱ्या सकाळी कोणी आलं. मोरी-सान उकडलेला भोपळा आणि एक जादा फावडं घेऊन दारात उभी. फावडं तिने अश्विनीच्या हातात दिलं. पोरीला ते धरताही येईना. म्हातारी तिला कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक, असं हाताने दाखवत होती. अश्विनी घरात आली ती लाल नाकाने, आणि भुकेली. मग ती रोजच जाऊ लागली. मी प्रसादशी काही बोलले नाही, कोणाला समजवायचं उरलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी माझ्या बॅगेची चेन तुटली. अश्विनीने गेन्कानमधली तिची बॅग आणली, कपडे काढून कपाटात लावले आणि रिकामी बॅग माझ्यापुढे ठेवली.

"ही न्या आई. मला लागायची नाही."

घरी आल्यावर पहाटे सडा घातला. पाणी मातीने लगेच पिऊन टाकलं. माणसाला कुठे राहावंसं वाटेल ते हवेवर ठरतं, असं मी समजत होते. ते दारावर जास्त ठरतं. बॅग माळ्यावर आहे. अजून तिने मागितलेली नाही.