हरलेल्यांच्या स्पर्धेत

आमचा संघ साखळीत पाचवा आला. पहिले चार उपांत्य फेरीत जातात, पाचव्याने घरी जायचं असतं. शेवटचा सामना आम्ही दोन गुणांनी हरलो आणि मुली कपडे बदलायच्या खोलीत तोंडावर टॉवेल घेऊन बसून राहिल्या.

मी सिंगापूरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलींच्या बास्केटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण नोकरीच्या अर्जात मी कधीकाळी 'कॉलेज संघाची कर्णधार, नागपूर' अशी एक ओळ लिहिली होती. फॉर्म भरायचे, बस ठरवायची, कुणाचा पाय मुरगळला तर बर्फ आणायचा, एवढंच माझं काम. खेळाचं सगळं कोच बघायचे. पासष्टीचे, शिडशिडीत, तरुणपणी स्वतः उत्तम खेळलेले. मुली त्यांना घाबरायच्या आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायच्या नाहीत.

चार दिवसांनी मला ई-मेल आली. साखळीतल्या खालच्या चार संघांसाठी सिंगापूरच्याच उत्तर टोकाला, यिशुनमध्ये, एक छोटी स्पर्धा होती. तीन शनिवार, दर शनिवारी एक सामना. शुक्रवारपर्यंत कळवा.

कोच बुकित बातोकला माझ्या घराजवळच राहतात. त्या संध्याकाळी तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, त्यांना गाठलं आणि फोनवरची ई-मेल दाखवली. त्यांनी ती पूर्ण वाचलीसुद्धा नाही.

"नाही म्हणून कळवून टाका, मॅडम," समोरची 'कोपी', म्हणजे इथली कॉफी, ढवळत ते म्हणाले. "हरलेल्यांची स्पर्धा आहे ती. त्यात जिंकलं तरी काय, सगळ्यात कमी वाईट ठरणार. मुलींना त्याची सवय लागली की संपलं."

"पण मुलींना विचारू तरी."

"मुलींना काय विचारायचं? कॅप्टनची इंटर्नशिप सुरू होतेय. दोघींचे गुडघे दुखतायत. त्यांना विश्रांती द्या lah," इथल्या बोलण्यातलं ते शेपूट जोडत ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच मला ते झोंबलं. हे सगळं मी एकदा स्वतःच बोलले होते, जवळजवळ याच शब्दांत.

नागपूरला शेवटच्या वर्षाला असताना आमचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेतून बाद झाला. पुढच्याच आठवड्यात जवळच्या एका तालुक्याच्या गावातून आमंत्रण आलं. तिथल्या व्यायामशाळेने मुलींच्या चार-पाच संघांना बोलावलं होतं. मी कर्णधार होते आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते. गल्लीतली स्पर्धा, मातीचं मैदान, आपण काय तिकडे जायचं!

माझे बाबा कारखान्यात होते. आमचे सामने नेहमी कामाच्या दिवशी असायचे, त्यामुळे चार वर्षांत त्यांना एकदाही येता आलं नव्हतं. हे सामने मात्र रविवारी होते. ही बातमी त्यांना कुणाकडून कळली कोण जाणे. सायकल पुसता पुसता म्हणाले, "रविवारी आहे म्हणे तुमची मॅच. मग या वेळी येतो मी."

"तसल्या स्पर्धेत आम्ही खेळत नाही, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि सायकल पुसत राहिले.

पुढे परीक्षा, नोकरी, लग्न, सिंगापूर. मी पुन्हा कधी संघातून खेळले नाही. माझा शेवटचा सामना शेवटचा आहे हे तो खेळताना मला माहीत नव्हतं. पाच फाऊल झाल्यामुळे त्याची शेवटची सहा मिनिटं तर मी बाकावर बसून काढली. बाबांनी मला खेळताना पाहिलं नाही ते नाहीच.

यातलं काहीही मी कोचना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मी मुलींना विचारणार आहे."

"विचारा. पण मी येणार नाही," ते म्हणाले.

मुलींची बैठक दहा मिनिटंही चालली नाही. कॅप्टन शेवटच्या वर्षाची होती, ठेंगणी, चपळ आणि तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "मॅम, लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. तुला खेळायचंय की नाही ते सांग."

मागून एक आवाज आला, "मला खेळायचंय." ती संघातली सगळ्यात उंच मुलगी होती. अख्ख्या हंगामात मिळून ती चार मिनिटं मैदानात उतरली असेल. तिने तोंड उघडलं याचंच सगळ्यांना इतकं आश्चर्य वाटलं, की आणखी पाच हात वर गेले. शेवटी कॅप्टनने खांदे उडवले. "ओके lah. सात जणी झालो."

घरी नवरा म्हणाला, "अगं, तीन शनिवार? आणि कोच नाहीत, तर शिकवणार कोण?"

"मी," मी म्हणाले.

पहिला सामना आम्ही चोवीस गुणांनी हरलो, आणि तो माझ्यामुळे हरलो. वीस-बावीस वर्षांत खेळ किती वेगवान झालाय, हे बाकड्यावरून बघताना कळतं, पण निर्णय घ्यायची वेळ आली की ठरवेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. थकलेल्या मुलींना वेळेवर बाहेर काढायचं राहून गेलं. टाइमआउट घेतला आणि काय सांगायचं तेच सुचेना. तेव्हा कॅप्टनच म्हणाली, "मॅम, पाणी द्या, बाकीचं मी बघते." मी पाणी दिलं.

त्या आठवड्यात मी कॅप्टनला वर्गाबाहेर गाठलं आणि आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. कुणी किती मिनिटं खेळायचं, कोण कुणाच्या जागी जायचं, हे तिने ठरवायचं आणि घड्याळ मी सांभाळायचं. कोचच्या हाताखाली तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. दुसरा सामनाही हरलो, पण सहाच गुणांनी. उंच मुलीने त्या दिवशी आयुष्यातली पहिली बास्केट केली आणि आनंदाच्या भरात बचावाला परत जायचंच विसरली. समोरच्यांनी लगेच दोन गुण घेतले. कॅप्टन तिच्यावर ओरडली, आणि मग स्वतःच हसत सुटली.

तिसऱ्या शनिवारी मी हॉलमध्ये शिरले तर वरच्या रांगेत कोच बसलेले.

"यिशुनला मासळीचं सूप खायला आलो होतो," मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसचालकाच्या गणवेशात एक गृहस्थ बसले होते. ते कॅप्टनचे वडील. साखळीचे सामने मंगळवार-गुरुवारी दुपारी असायचे. आज त्यांना दोन फेऱ्यांच्या मध्ये दीड तास मिळाला होता. हात जोडावेत तशी मान लववून ते मला म्हणाले, "मॅडम, ही शाळेत असल्यापासून खेळतेय. मी आज पहिल्यांदा बघतोय." मी बाकड्याकडे गेले.

मध्यंतराला आम्ही चार गुणांनी मागे होतो. कोच पायऱ्या उतरून खाली आले, मुलींकडे न बघता मला म्हणाले, "त्यांच्या नऊ नंबरला डावीकडून जाता येत नाही. तिची उजवी बाजू बंद करा," आणि परत वर जाऊन बसले. आम्ही उजवी बाजू बंद केली. उंच मुलीने हात पसरून ती बंद केली म्हणजे केलीच. शेवटच्या मिनिटात कॅप्टनने चेंडू स्वतःकडे घेतला, दोघींच्या मधून घुसली आणि वर फेकला. तो रिंगवर दोनदा आपटून आत पडला. तीन गुणांनी जिंकलो. तिचे वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि घड्याळाकडे बघत होते. मग टोपी घालून धावतच बस गाठायला गेले.

तीनपैकी एक सामना जिंकून आम्ही चार संघांत तिसरे आलो. म्हणजे साखळीत पाचवा असलेला संघ आता, हिशेब लावला तर, आठांत सातवा झाला होता. एमआरटी स्टेशनकडे चालताना कोचनी ते मला ऐकवलंच.

"बघा मॅडम, पाचवे होतो ते सातवे झालो. मी काय सांगत होतो?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीही असेच हरलो तर पुन्हा येऊ."

त्यांनी मान हलवली, पण हसले. त्यांचं मत आजही बदललेलं नाही आणि माझंही. कॉलेजचा संघ खेळण्यासाठी असतो. मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली नाही, तर जिथे कुणी बोलावेल तिथे जावं. गुडघे खरोखर दुखत असतील तर जाऊ नये. फक्त मान दुखावला असेल तर नक्की जावं. शेवटी विसाव्या वर्षी जे सामने खेळायचे ते तेव्हाच खेळता येतात, चाळिशीत कुणी ते आणून देत नाही.

पुढच्या वर्षी कॅप्टन पदवी घेऊन गेली आणि आम्ही सहावे आलो. मी ई-मेलची वाट पाहत राहिले, ती आलीच नाही. चौकशी केली तर कळलं, या वर्षी ती छोटी स्पर्धाच होणार नाही. मुलींना सांगितलं तेव्हा उंच मुलगी, आता तीच कॅप्टन होती, म्हणाली, "मग आपणच घेऊया ना, मॅम."

तिने तीन कॉलेजांना स्वतः फोन केले. दोघांनी 'हो' म्हटलं. तिच्या घराखाली, सेरंगूनच्या इमारतींच्या मधोमध एक उघडं कोर्ट आहे, ते रविवारी सकाळी मोकळं असतं. मी आमच्या रविवारच्या बुद्धवंदनेला येणार नाही असं इथल्या मराठी बौद्ध मंडळाच्या काकूंना कळवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या मुली खेळणार? मग आम्हीच येतो वंदना झाल्यावर." आणि खरंच, अकराच्या सुमाराला पांढऱ्या साड्या नेसलेल्या पाच-सहा जणी कोर्टाच्या कडेला बसायला आल्या. बाजारातून परतणाऱ्या चिनी आज्यांनी भाजीच्या पिशव्या बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.

पंच म्हणून आम्ही कोचना बोलावलं होतं. गळ्यात शिट्टी अडकवून ते अर्धा तास आधीच येऊन हूपची जाळी तपासत होते. खेळ सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात त्यांनी शिट्टी फुंकली आणि आमच्याच कॅप्टनकडे बोट दाखवलं. फाऊल.

"कोच!" ती किंचाळली.

"उजव्या हाताने ढकललंस. मी बघितलं," ते म्हणाले, आणि चेंडू समोरच्या संघाला देऊन टाकला.