निकेलखालचं पोलाद

"चिकटलं! मॅडम, बघा, चिकटलं!" वकील संचेती जवळजवळ ओरडलेच.

भडगावच्या पोलीस ठाण्यातलं टेबल. त्यावर पांढरं कापड आणि कापडावर तळहाताएवढं जुनं पिस्तूल, चांदीसारखं चकचकीत. संचेतींनी घरून आणलेलं चुंबक त्याच्या अंगाला लावलं होतं, आणि ते आता सुटत नव्हतं. समोर तपास अधिकारी सोनवणे साहेब हाताची घडी घालून बसले होते.

"स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही," संचेती मला म्हणाले. "म्हणजे हे स्टेनलेस नाही. संपली केस. लिहा रिपोर्ट."

"चुंबक खिशात ठेवा," मी म्हणाले. "हे मी लिहिणार नाही."

संचेतींचा चेहरा उतरला. सोनवणे साहेबांना मात्र हसू आवरेना. त्यांना वाटलं असणार, आरोपीने बोलावलेली तज्ज्ञ आरोपीच्याच विरुद्ध निघाली.

मी मेटलर्जिस्ट आहे, म्हणजे धातूची तपासणी करणारी. धुळ्याला एमआयडीसीत माझी टेस्टिंग लॅब आहे. रोजचं काम साधं असतं. पंपाचे भाग, पाइप, कास्टिंग. ऑर्डरमध्ये लिहिलंय तेच पोलाद आलंय का, ते बघायचं आणि सही करायची. पिस्तुलं माझ्याकडे येत नाहीत. हे आलं ते लीलाअक्कांमुळे.

लीलाअक्का गिरणेच्या काठी मळ्यात एकट्या राहतात. वय सत्तरीपुढचं. नवऱ्याच्या मागे त्याचं परवान्याचं पिस्तूल रीतसर त्यांच्या नावावर झालं होतं. मळा आपल्याला मिळावा असं त्यांच्या पुतण्याला वाटत होतं, आणि अक्का हलायला तयार नव्हत्या. एक दिवस पुतण्याने तक्रार दिली: काकूने खरं पिस्तूल विकलं, आणि त्याच नंबरचं बनावट पिस्तूल घरात ठेवलंय. पोलीस आले. परवान्यावर रंग लिहिलेला होता निळा-काळा. घरात सापडलेलं पिस्तूल पांढरंशुभ्र.

तक्रारदाराने एका खाजगी जाणकाराचं मतही आणून दिलं. हे पिस्तूल स्टेनलेसचं आहे, आणि या जातीची छोटी पिस्तुलं बनत होती त्या काळात ती स्टेनलेसमध्ये येतच नव्हती. म्हणून बनावट. नंबर नंतर ठोकलेला.

यातलं एक वाक्य अगदी बरोबर होतं. त्या काळची खिशात मावणारी पिस्तुलं साध्या कार्बन पोलादाची असत. ते पोलाद गंजतं, म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया करून निळसर काळा थर आणत. त्याला ब्लूइंग म्हणतात. स्टेनलेसची पिस्तुलं पुष्कळ नंतर आली. तेव्हा खरा प्रश्न एवढाच होता, की ही चमक धातूची आहे की धातूवरच्या मुलाम्याची.

सरकारी लॅबचा अहवाल यायचा होता. तोवर अक्का आरोपी. जामीन झाला होता, पण ठाण्यात हजेरी लावावी लागे. संचेतींनी कोर्टाकडून तपासणीची परवानगी मिळवली. अट अशी: पोलिसांसमोर तपासायचं, ओरखडा काढायचा नाही, ॲसिडचा थेंब टाकायचा नाही.

त्या दिवशी ठाण्यात शिरण्याआधी अक्का बाहेर बाकावर भेटल्या. त्यांनी माझा हात धरला.

"ताई, हाई मना मालकनं पिस्तूल शे. घामवरी गंज चढे, म्हनीसन त्यासनीच पांढरं करी आनं व्हतं. मी बठ्ठासले सांगं. मनं कोनी ऐकस नही."

"कुठे केलं होतं पांढरं?"

"जळगावले. बंदुकना दुकानमा. ते दुकान आते बंद व्हयी गयं."

"अक्का, मी तपासते. जे दिसेल तेच लिहीन. तुमच्या विरुद्ध दिसलं तर तेही लिहीन."

"लिखा ना," अक्का म्हणाल्या. "मी काय भ्यास का?"

तर चुंबकाचं. घरातल्या स्टीलच्या ताटाला बहुतेक वेळा चुंबक चिकटत नाही, म्हणून लोकांना वाटतं की कुठल्याच स्टेनलेसला ते चिकटत नाही. पण पिस्तुलाला कडक पोलाद लागतं. त्यासाठी स्टेनलेसची जी जात वापरतात, तिला चुंबक छान चिकटतं. संचेतींचा पुरावा कोर्टात समोरच्या वकिलाने उभ्या उभ्या फाडला असता, आणि त्यासोबत अक्काही गेल्या असत्या.

पिस्तूल रिकामं असल्याची सोनवणे साहेबांनी माझ्यासमोर खात्री केली. मी ते खिडकीशी नेलं. आधी नुसता रंग बघितला. क्रोमचा मुलामा थंड, निळसर दिसतो. स्टेनलेस करडं दिसतं. निकेलमध्ये किंचित पिवळी झाक असते, दुधात केशराची एखादी काडी पडावी तशी. हा रंग मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. माझे अब्बा जळगावात सायकलच्या हँडलांना निकेल चढवायचे. शाळेतून आल्यावर मी तिथेच अभ्यासाला बसायची. समोरचं पिस्तूल निकेलचं आहे, हे मला दारातूनच कळलं होतं. पण दारातून कळलेलं कोर्टात चालत नाही.

मग मशीन काढलं. हातात धरायचं एक्स-रे मशीन असतं, ते धातूवर टेकवलं की कुठलं मूलद्रव्य किती आहे ते सांगतं. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर टेकवलं. निकेल, भरपूर. पण मुलामा जाड असेल तर खालचं पोलाद लपून राहतं. म्हणून नळीच्या तोंडाजवळची कड शोधली. तिथे पिस्तूल ठेवायच्या चामडी पाकिटाला घासून घासून मुलामा उडाला होता. तिथे टेकवलं. लोखंड. क्रोमियमचा पत्ता नाही.

"म्हणजे काय?" सोनवणे साहेबांनी विचारलं.

"स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे. ज्यात क्रोमियमच नाही, ते स्टेनलेस नाही. हे साधं जुनं पोलाद आहे."

"पण रंग बदललाच ना?"

"तोच तर बघायचाय. मुठीवरच्या पट्ट्या काढते."

त्यांनी मान हलवली. स्क्रू फिरवले, पट्ट्या सुटल्या. मुठीच्या आतल्या बाजूला मुलामा नव्हताच. कारागिराने ती जागा झाकून ठेवली असावी. तिथे जुनं ब्लूइंग जसंच्या तसं होतं. निळसर काळं, परवान्यावर लिहिलेलं.

सोनवणे साहेब खुर्चीतून उठून खिडकीशी आले. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "आता नंबर बघा. आकड्यांच्या खाचेत काय दिसतं?"

बराच वेळ ते वाकून बघत राहिले. "आतही चमकतंय."

"सलग चमकतंय. मुलाम्यानंतर नंबर ठोकला असता, तर निकेल तिथे तडकलं असतं, कडा वर आल्या असत्या. आधी नंबर, मग निकेल. आणि खाली घासून जुना नंबर काढल्याची खूणही मला दिसत नाही."

ते टेबलाशी परतले. पंचनाम्यात सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी महाजन साहेबांचा फोन. जळगावात त्यांची फाउंड्री, माझ्या लॅबचे सगळ्यात मोठे ग्राहक.

"मॅडम, तुम्ही त्या भडगावच्या भानगडीत कशाला पडता? तक्रार देणारा तो मुलगा आपल्या ओळखीतला आहे."

"मी भानगडीत नाही. मी एका पिस्तुलाचा रिपोर्ट देतेय."

"मग 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहा. कोणाचंच नुकसान नाही. हे तर तुम्ही लिहू शकता ना?"

"लिहू शकते. सांगता येत नसेल तेव्हा."

"आपलं इतक्या वर्षांचं काम आहे, मॅडम. विचार करा."

"साहेब, तुमच्या कास्टिंगच्या रिपोर्टवर माझी सही गिऱ्हाईक मानतं. का मानतं? उद्या कुणाच्या फोनवर ती बदलायला लागली, तर तुम्हाला तरी ती कशाला हवी?"

फोन ठेवला गेला. त्या फाउंड्रीवर माझ्या लॅबमधल्या चौघांची घरं चालत होती. मी त्यांना बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं. आमची सीनियर टेक्निशियन वैशाली म्हणाली, "मॅडम, टाइप करायला घेऊ का?" आम्ही त्याच दुपारी रिपोर्ट पूर्ण केला.

कोर्टात सरकारी वकिलांनी मला बरंच हलवून बघितलं.

"तुम्ही पिस्तुलांच्या तज्ज्ञ आहात?"

"नाही. मी पोलादाची तज्ज्ञ आहे. पिस्तूल पोलादाचं आहे."

"आरोपीच्या वकिलांनी बोलावलं म्हणून तुम्ही आलात."

"हो. आणि त्यांनी दिलेला पहिला पुरावा मी चुकीचा ठरवला. तपास अधिकारी तिथे होते, विचारा."

न्यायाधीशांनी सोनवणे साहेबांकडे पाहिलं. त्यांना सहज गप्प बसता आलं असतं. "बरोबर आहे, सर," ते म्हणाले. "चुंबकाचा मुद्दा मॅडमनीच नाकारला. आणि आतला काळा थर मी स्वतः पाहिला."

मागल्या बाकावरचा पुतण्या उठून बाहेर गेला.

पुढे सरकारी लॅबचा अहवालही आला. मूळ नंबर, छेडछाड नाही. कोर्टाने अक्कांना दोषमुक्त केलं. पिस्तूल परत मिळालं. परवान्यावरच्या रंगाची दुरुस्ती करून घ्यायला सांगितलं, तीही अक्कांनी करून घेतली. त्या अजून मळ्यातच राहतात, आणि पुतण्या बांधापलीकडे.

महाजन साहेबांचं काम गेलं ते गेलंच. पुढचे काही महिने लॅब ओढत न्यावी लागली, पण चौघांपैकी कुणाला काढलं नाही. मग मुक्ताईनगरकडच्या एका साखर कारखान्याचं काम मिळालं, आणि गाडी रुळावर आली.

एक बदल मी तेव्हाच केला. आमच्या रिपोर्टमध्ये आता धातू वेगळ्या ओळीत आणि वरचा मुलामा वेगळ्या ओळीत लिहिला जातो. काही ग्राहक म्हणतात, एकच ओळ पुरे, उगाच गोंधळ होतो. मी त्यांचं ऐकून घेते, आणि दोन ओळी लिहिते.