नावाड्याचा धाकटा

हातशिलाईच्या खोलीत एकही यंत्र नाही. यंत्रं सगळी खालच्या मजल्यावर. तिथे शर्ट शिवून होतात आणि वर येतात ते काज, बटणं आणि तुरपाईसाठी. त्यामुळे वर कशी छान शांतता असते, आणि अशा शांततेत सात-आठ बायका एकत्र बसवल्या की काय होतं ते सांगायला नको. एकेकाळी त्या खोलीत रोज कुणाचं ना कुणाचं वाजायचं. मग एक तोडगा निघाला: जेवणानंतर एकीने पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि वाचणारीच्या वाटणीची बटणं सगळ्यांनी मिळून लावायची. वाचायला बसवली ती खणखणीत आवाजाची, दोन पोरांची आई. तिला सगळ्या रेडिओ म्हणू लागल्या. पुढे हे नाव घरापर्यंत पोचलं. नवऱ्याची तक्रार एवढीच, की हा रेडिओ बंद कसा करतात ते त्याला कुणी शिकवलं नाही.

तर ह्या रेडिओच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरेना. वाचनालयातल्या बाई स्वतः कारखान्यात येऊन सांगून गेल्या होत्या. रविवारी ‘माझा आवडता लेखक’ असा कार्यक्रम, वाचकांनी उठून बोलायचं, कोण आवडतं आणि का आवडतं. तुमच्या खोलीतूनही कुणीतरी या. आणि पाहुणी म्हणून कोण, तर खोलीत दोनदा वाचून झालेली ती नावाड्याची कादंबरी लिहिणारी लेखिका.

खोलीत नुसता जल्लोष झाला. “काकू बोलतील!” चिमटी ओरडली. चिमटी म्हणजे खोलीतली सगळ्यात लहान मुलगी, जीभ कात्रीसारखी. “काकूंशिवाय दुसरं कोण?”

काकू खोलीतल्या सगळ्यात ज्येष्ठ. बारीक कामात डोळे अधू झालेले, सुई ओवून दुसऱ्या कुणी द्यायची, पण बटण लावायचं ते बोटांनीच चाचपून, आणि काय बिशाद की ते तुटेल. त्या लाजल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. रेडिओने न जेवताच डबा बंद केला.

कारण त्या कादंबरीतला नावाड्याचा धाकटा मुलगा तापाने जातो.

काकूंचा एकुलता एक मुलगा ऐन उमेदीत असाच तापाने गेला होता. त्यानंतर काही महिन्यांनी त्या पुन्हा कामावर आल्या, आणि त्याच सुमाराला हे पुस्तक वाचायला घेतलं होतं. रेडिओची सवय अशी, की तोंडाने एक ओळ आणि डोळ्यांनी पुढची. त्या दिवशी डोळ्यांना पुढची ओळ दिसली, धाकट्याच्या मरणाची. समोर काकू बसलेल्या, सुई खाली ठेवून. क्षणभर खोकल्यासारखं करून रेडिओने पुस्तकात नसलेलं वाक्य वाचलं. पहाटे पोराचा ताप उतरला, त्याने पाणी मागितलं आणि विचारलं, “बाबा होडी घेऊन गेले का?”

खोलीने सुटकेचा निःश्वास सोडला. रेडिओनेही सोडला. पण मेलेल्या पोराला जिवंत केलं की त्याला पोसावं लागतं, हे तिच्या ध्यानात उशिरा आलं. पुढच्या प्रत्येक प्रकरणात धाकट्याला कुठेतरी बसवायचं, खाऊ घालायचं, दोन वाक्यं बोलायला लावायची. होडीत जागा दोघांचीच होती, तिथे तिने तिसरा कोंबला. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा लाडका झाला तो हाच. पुस्तक पुन्हा वाच म्हणून हट्ट झाला. दुसऱ्या खेपेला चिमटीने पकडलंच: “ताई, मागच्या वेळी त्याने पाणी मागितलं होतं. आता दूध कसं काय?” “आधी पाणी मागितलं, मग दूध,” रेडिओ म्हणाली, आणि पदराने मान पुसली. पुस्तक ती पिशवीतून बाहेर ठेवत नसे. कुणी घरी न्यायला मागितलं, तर पानं सुटली आहेत म्हणे.

आता प्रत्यक्ष लेखिकाच येणार होती. रविवारपर्यंत रेडिओने काय काय करून पाहिलं! काकूंना म्हणाली, गुडघे दुखतात तुमचे, वाचनालयाचा जिना केवढा उंच आहे. काकू म्हणाल्या, जिना आहे, डोंगर नाही. मग म्हणाली, त्या विनोदी लेखकाबद्दल बोला ना, किती हसायचो आपण. काकू म्हणाल्या, “हसायला आवडलं, पण तो माझा नाही.” शनिवारी संध्याकाळी रेडिओ काकूंच्या दारापर्यंत गेली. सरळ सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून गेली. दार उघडंच होतं. काकू आरशासमोर उभ्या राहून उद्याचं बोलणं पाठ करत होत्या, हात हलवून, हळू आवाजात. रेडिओ उंबऱ्यावरून परत फिरली. तिची हिंमतच झाली नाही.

कार्यक्रमाला वाचनालयाची वरची खोली भरली होती. एक निवृत्त मास्तर उठले. त्यांना आवडायचा तो लेखक, जो आपल्या खलनायकालाही नीट जेवू घालतो. एका परिचारिकेला प्रवासवर्णनं लिहिणारी आवडायची, कारण ती रस्ता चुकल्याचं लपवत नाही. आमच्या कामात चुकलं तर लपवायची सोय नसते, असं परिचारिका म्हणाली आणि लोक हसले. लेखिका पुढच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. आखूड केस, चष्मा, मांडीवर हातांची घडी. रेडिओचं सगळं लक्ष त्या हातांवर.

मग काकू उठल्या.

“मला ह्या बाई आवडतात,” त्या म्हणाल्या. “मी वाचत नाही, मला अक्षर दिसत नाही. मी ऐकते. खूप लेखक ऐकले. सगळे पोरांना मारतात. गोष्टीत रडू आणायचं असलं की घे एखादं पोर आणि मार. ह्या बाईंनी तसं केलं नाही. नावाड्याचा धाकटा इतका आजारी पडला, मी सुई खाली ठेवली होती. पण त्यांनी त्याला वाचवला. पहाटे त्याने पाणी मागितलं. माझं आयुष्यात कुणी एवढं ऐकलं नाही, बाई, म्हणून तुम्ही मला आवडता.”

टाळ्या पडल्या. लेखिकेने टाळ्या वाजवल्या नाहीत. रेडिओला वाटलं, आता ती हसेल, मान डोलावेल, आणि सुटलो. लेखिका उठून काकूंच्या जवळ आली.

“मग त्याने काय विचारलं?”

“बाबा होडी घेऊन गेले का, असं.”

लेखिकेने काकूंचा हात हातात घेतला. मग म्हणाली, “तुमच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही. हे मी लिहिलेलं नाही. माझ्या पुस्तकात त्याचा ताप उतरत नाही.”

चिमटीचं तोंड उघडं राहिलं, आणि मग ती हळूहळू रेडिओकडे वळली. काकूंना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. तरी त्यांनी मान फिरवली ती बरोबर रेडिओ बसली होती तिकडेच. मग त्या खाली बसल्या, आणि घरी जाताना त्यांनी चिमटीचा हात धरला.

सोमवारी रेडिओ कामावर गेली ती मेल्याहून मेल्यासारखी होऊन. कुणी तिच्याशी बोललं नाही, कुणी भांडलंही नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं तिला वाटत राहिलं. जेवण झालं. तिने आपल्या वाटणीचे शर्ट मांडीवर ओढले आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

“पुस्तक काढ,” काकू म्हणाल्या.

“काकू, माझं चुकलं. मला तेव्हा...”

“मी चूक विचारली नाही. पुस्तक आणलंयस ना? ते पान काढ. जसं आहे तसं वाच.”

“काकू, नको ना.”

“तो गेला तेव्हापासून सगळे असंच करतात,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. “मी आले की दिराच्या घरी बोलणं थांबतं. शेजारीण विषय बदलते. त्याचं नाव कुणी माझ्यासमोर काढत नाही. मला वाटायचं, निदान ह्या खोलीत मला कुणी जपत नाही. आणि तू? वाच.”

रेडिओने पान काढलं. पानं सुटलेली नव्हती, हे सगळ्यांना दिसलं. मजकूर थोडाच होता. तिने वाचला, एकही शब्द न बदलता. पोरगा पहाटे जातो. नावाडी बाहेर होडीशी जाऊन बसतो. आई घरात एकटी. कोपऱ्यात पोराचा शर्ट पडलेला असतो, वरचं बटण तुटलेला. ती डबा उघडते, तसलंच बटण शोधते आणि लावत बसते. लोक न्यायला येतात, ती म्हणते, थांबा, एवढं होऊ दे.

काकूंची बोटं शर्टावर थांबली होती.

“मीही लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तो आत होता आणि मी बटण लावत बसले होते. जाऊबाईंनी हातातून ओढून घेतला शर्ट. म्हणाल्या, वेड लागलं का? मला इतके दिवस खरंच वाटायचं, की मला तेव्हा वेड लागलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.”

चिमटी रडत होती. रेडिओला रडायचाही हक्क वाटेना. हे बटण गेली तीन वर्षं तिच्या पिशवीत पडून होतं. काकूंच्या हक्काचं होतं ते, आणि तिने ते दया म्हणून अडवून धरलं होतं.

“पुन्हा वाच,” काकू म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं, काकूंच्या शेजारी जाऊन बसली, आणि आजवर त्या खोलीत कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

“कोणत्या रंगाचा होता, काकू, त्याचा शर्ट?”

“निळा,” काकू म्हणाल्या, आणि सांगू लागल्या.