नव्या चौकातला गोरज मुहूर्त

देवासला टेकरीच्या पायथ्याकडे जाणारा आमचा रस्ता खोदायला घेतला, तेव्हा मी पालिकेच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली. रस्ता जाऊन तिथे म्हणे चौक होणार होता. कार्यक्रमांसाठी मंच, बसायला पायऱ्या, एक कारंजं, आणि गाड्या आत शिरू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना लोखंडी खांब. कार्यक्रम हवे होते कुणाला? आम्हाला भाजी आणायला रस्ता हवा होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ, सकाळच्या पोह्यांवर धूळ, आणि दारातून बाहेर पडायचं तर फळीवरून तोल सावरत. आमचे हे मात्र शांत. होईल तेव्हा होईल, म्हणायचे. यांची सगळी घाई मुहूर्तासाठी राखून ठेवलेली असते. भाच्याच्या मुंजीत हे घड्याळ धरून गुरुजींच्या मागे उभे राहिले होते आणि गुरुजी मंत्र विसरले होते.

चौकाचं काम रेंगाळत असतानाच इंदूरला नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने आपलं लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा सरदारपूरचा, घरी धान्याचा व्यापार, बोलणं मालवी. मुलगा चांगला आहे हे यांनाही दिसत होतं, पण मन घेत नव्हतं. आपल्या घरातलं मराठी इथेच संपणार, असं एकदा म्हणाले. शेवटी हो म्हणाले ते एका अटीवर. लग्न आपल्या कार्यालयात, आपल्या विधीने, आणि अक्षता मुहूर्तावर पडल्या पाहिजेत. बाकी घोडी, बँड, डीजे, त्यांना हवं ते त्यांनी करावं.

मला धास्ती होती ती याच अटीची. मुहूर्त टळला असता तर हे भांडले नसते, कन्यादानालाही निमूट बसले असते. पण लेकीला मनापासून आशीर्वाद दिला नसता, आणि ते तिला बरोबर कळलं असतं. बापाचं मन वाचण्यात ती माझ्याहून हुशार आहे.

कार्यालय आमच्याच रस्त्यावर, म्हणजे आता चौकावर. लग्नाच्या थोडंच आधी खांब बसले, फरशी धुतली गेली आणि चौक उघडला. मी देवापुढे साखर ठेवली. निदान पाहुण्यांना फळीवरून तरी यावं लागणार नव्हतं.

मुहूर्त गोरज, दिवेलागणीचा. दुपार कलली तसा माझा दीर वरपक्षाला आणायला त्यांच्या उतरण्याच्या जागी गेला आणि तोंड पाडून परत आला. तिथे अजून साफे बांधणं चाललं होतं. आम्ही कळवलेली वेळ त्यांनी बारात निघायची समजली होती. त्यांच्याकडे बारात नाचत नाचत येते, जेवणं होतात आणि फेरे रात्री सवडीने लागतात. आमच्याकडे मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण म्हणजेच लग्न, हे त्यांना सांगायला हवं असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दिराने हात जोडून त्यांना निघायला लावलं होतं. यांनी ते ऐकून घेतलं आणि फाटकात जाऊन उभे राहिले.

आत लेक गौरीहरापुढे तांदूळ वाहत बसली होती. बारात आली का, असं तिने मला विचारलं नाही, नुसतं बघितलं.

बारात आली, पण चौकाच्या पलीकडच्या तोंडाशी अडकली. डीजेची गाडी खांबांमधून जाईना. तिथला चौकीदार "गाडी अंदर नी जाएगी भिया" एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मुलाचे काका डीजेशिवाय बारात हलणार नाही म्हणून अडून बसले होते. दीर पुन्हा तिकडे धावला. ज्या खांबांसाठी दोन वर्षं धूळ खाल्ली, त्यांनीच आता घात केला, असं वाटून मला रडू यायला लागलं. गुरुजी दोनदा बाहेर डोकावून गेले.

जुना रस्ता असता तर हातगाड्या आणि उभ्या मोटरसायकलींपलीकडचं काही दिसलंच नसतं. आता समोर सगळा मोकळा चौक होता, म्हणून आम्हाला दिसलं. नवरदेव घोडीवरून उतरला. काकांपुढे त्याने हात जोडले, आणि दोन खांबांमधून आत शिरून सरळ आमच्याकडे चालायला लागला. एकटाच. अर्ध्यावर तर तो पळायलाच लागला. एका हाताने सेहरा वर धरलेला, बगलेत तलवार, आणि धुतलेल्या फरशीवर नवे जोडे घसरत होते. त्याच्यामागे त्याचे मित्र निघाले, मग बायका साड्या सावरत, मग वाजवायचं विसरलेले बँडवाले. सगळ्यात शेवटी काका.

वधूपित्याने फाटकाशी थांबायचं असतं. हे थांबले नाहीत. पायरी उतरून चौकात चालत गेले. मी ओवाळायचं ताट घेऊन मागोमाग. हे त्याला आता काय बोलतात, हीच भीती.

मुलगा धापा टाकत समोर उभा राहिला.

"पापाजी, टैम निकल तो नी गया?"

यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश या, जावईबापू," मराठीतच म्हणाले. "पडाल. मुहूर्त कुठे पळून जात नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. तिथेच, भर चौकात, मी जावयाला ओवाळलं.

अक्षता वेळेवर पडल्या की थोड्या उशिरा, ते मला सांगता येणार नाही. वेळ बघायचं काम यांचं, आणि हे डोळे पुसत होते.