पहिलं मिनिट

टेपबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. स्टेशनात लहानथोर सगळे त्यांना टेपबाई म्हणत, आणि घरी हाक मारायला कोणी उरलं नव्हतं. त्यामुळे बँकेत किंवा दवाखान्यात पूर्ण नावाने पुकारा झाला, की त्या जागच्या हलत नसत. पुकारणारा तिसऱ्यांदा वैतागून ओरडला, की मग दचकून उठत.

स्टेशन म्हणजे टीव्हीचं. टेकाडावर लाल-पांढरा टॉवर आणि पायथ्याशी एकेकाळी लोकरीचं गोदाम असलेली बसकी इमारत. आत एक स्टुडिओ, एडिटिंगची खोली, साहेबांची केबिन आणि मागच्या अंगाला, जिथे कधीच ऊन येत नसे, टेपांची खोली. गाव मध्यम, भोवती चाळीसेक खेडी, तेवढ्याच मुलखापुरतं ते स्टेशन. संध्याकाळी सातला एक तास लागायचं. त्या तासात बातम्या असत, बसच्या बदललेल्या वेळा असत, शाळांच्या प्रश्नमंजुषा, दातांच्या डॉक्टरांचे सल्ले, हरवलेल्या माणसांचे फोटो, आणि गळा असो-नसो, हौशी गायकांची रांग. लोक त्या तासाभोवती स्वयंपाक आखत. रस्त्याने चालत गेलं, तर एका घरात सुरू झालेलं वाक्य पुढच्या घराच्या खिडकीत पूर्ण व्हायचं.

टेपबाई स्टेशन उघडलं त्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिथे लागल्या. कामं दोन. टेपा सांभाळायच्या आणि टेपा पुसायच्या. नव्या टेपा वरून मोजक्याच येत, म्हणून तीन महिने झालेल्या टेपेवर नवा कार्यक्रम चढवायचा, असा नियम होता. एखादी राखून ठेवायची असेल तर साहेबांची चिठ्ठी लागे. अशी चिठ्ठी बत्तीस वर्षांत एकदाही आली नाही. ज्या पोराने प्रश्नमंजुषेत पहिला नंबर काढला, त्याच्यावर दातांचे डॉक्टर चढायचे, डॉक्टरांवर बसच्या वेळा. टेपबाईंना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नसे. भांडी घासून पुन्हा वापरतात, तसंच ते.

तिसरं एक काम मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. बातम्या वाचणारी बाई नटूनथटून ऐन दहा मिनिटं आधी खुर्चीत येई, आणि दिवे तर त्याआधी लावून तपासायला हवेत. त्यासाठी त्या खुर्चीत कोणीतरी बसायला हवं. पहिल्या बातमीबाईची आणि टेपबाईंची उंची एक निघाली. कॅमेरामनने टेपांच्या खोलीत डोकं घालून विचारलं, पाच मिनिटं बसता का, नुसतं बसायचंय. त्या बसल्या. पुढे बातमीबाया सहा झाल्या, त्यातल्या दोघी तर टेपबाईंच्या खांद्याला लागत, तरी दिव्यासाठी बसायचं काम टेपबाईंकडेच राहिलं. छातीशी पांढरा कागद धरायचा आणि भिंगात बघायचं. त्या खुर्चीत त्यांच्याइतकं कोणीच बसलं नसेल, आणि गावात त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

कॅमेरामनला सगळे खांब म्हणत. सव्वासहा फूट माणूस, दारातून वाकून यायची इतकी सवय झालेली, की मोकळ्या मैदानातही थोडा वाकूनच चाले. घरी बायको, दोन मुलगे. आवाजाची तपासणीही तोच करी, आणि त्यासाठी समोरच्याने काहीतरी बोलावं लागे. पहिल्या दिवशी टेपबाई एक, दोन, तीन म्हणाल्या. खांब म्हणाला, असं नको, आकडे म्हणताना माणूस माणसासारखं बोलत नाही. आणि त्याने विचारलं, "आज काय केलंत?"

म्हणजे स्वयंपाकात.

"फ्लॉवर," टेपबाई म्हणाल्या. "करपला."

"मिळाला आवाज. उठा."

इतकंच. पण रोज. फ्लॉवर, अंडी, वरण, पुन्हा फ्लॉवर. हळूहळू उत्तरं थोडी लांबली. आईने जेवताना तोंड वाकडं केलं. आईला आता मिठाशिवाय करते. नळाचा वॉशर गेला. आई पडली, पण हाड शाबूत आहे. खांब भिंगात डोळा लावून ऐकून घेई आणि आवाज मिळाला म्हणे. स्टुडिओबाहेर दोघं एकमेकांना मान हलवण्यापलीकडे ओळखही दाखवत नसत. एडिटिंगच्या खोलीतल्यांनी पहिल्या वर्षी थोडी जीभ चालवून पाहिली, पण करपलेल्या फ्लॉवरमध्ये चघळण्यासारखं काही सापडेना, तेव्हा सोडून दिलं.

आई गेली. सहाव्या दिवशी टेपबाई कामावर आल्या, खुर्चीत बसल्या, कागद धरला. खांबाने सवयीने विचारलं आणि विचारता विचारताच त्याची जीभ अडखळली.

"काहीच नाही," टेपबाई म्हणाल्या.

तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला नाही. बराच वेळ दिवे नुसते गरम होत राहिले. मग आवाज मिळाला म्हणाला, पण उठा म्हणाला नाही. त्या दिवशी बातमीबाईला येऊन खाकरावं लागलं.

त्यानंतर तीन वर्षांनी खांब निवृत्त झाला आणि थोरल्या मुलाकडे, दुसऱ्या गावी राहायला गेला. त्याच सुमारास नवे कॅमेरे आले. त्यांना म्हणे दिव्यासाठी कोणी बसायला लागत नाही. टेपबाईंनी मान डोलावली आणि मागच्या खोलीत गेल्या. घरी स्वयंपाकही कमी कमी होत गेला. विचारणारं कोणी नसलं की ओट्यापाशी उभ्याउभ्या ब्रेडवर भागतं. शेगडीच्या एका बर्नरवर त्यांनी झाकण ठेवून दिलं. त्यावर मग औषधाचा डबा आला, आणि तो तिथलाच झाला.

खांब वारल्याचं त्यांना वॉचमनकडून कळलं, तेही अकरा दिवसांनी. "तुम्हाला कळलंच असेल," असं म्हणून तो सांगू लागला. टेपबाई "हो" म्हणाल्या. कळलं नव्हतं. कळवणार कोण, आणि कोण म्हणून? त्याच्या मुलांनी टेपबाईंना कधी पाहिलंही नव्हतं. त्या आत गेल्या आणि दिवसभर कपाटांच्या पायांना लागलेली जळमटं काढत बसल्या.

स्टेशनलाही घरघर लागलीच होती. तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याची पंधरा मिनिटं. लोक फोनवर हवं ते हवं तेव्हा बघू लागले, बसच्या वेळासुद्धा. शेवटी वरून हुकूम आला, महिनाअखेर बंद. जाता जाता स्टेशनच्या बत्तीस वर्षांवर एक तासाचा कार्यक्रम करावा म्हणून मोठ्या ऑफिसातून एक प्रोड्यूसर मुलगी आली. भरभर चालणारी, त्याहून भरभर बोलणारी, आल्या आल्या टेपबाईंना मावशी म्हणू लागलेली. टेपांच्या खोलीत शिरून ती म्हणाली, "मावशी, जुनं सगळं काढा. पहिल्या वर्षापासून."

"नाही."

"म्हणजे?"

"पुसलं."

"कोणी?"

"मी."

मुलगी हसली, मग हसायची थांबली. टेपबाईंनी नियम सांगितला, चिठ्ठ्यांची रिकामी फाइल दाखवली. मुलगी कपाटाकडे अशी बघत राहिली, की टेपबाईंना पहिल्यांदाच आपल्या हातांची लाज वाटली. घासलेल्या भांड्यांची उपमा आता मनाला पटेना. भांड्यात उरलेलं काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. तासभराच्या कार्यक्रमात गावाला हेच सांगणार का, की तुमची बत्तीस वर्षं एका बाईने पुसली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी त्यांना बोलवायला धावत आली.

गोष्ट अशी होती. टेपेचं पहिलं मिनिट यंत्रात घालता-काढताना चुरगळतं, म्हणून कार्यक्रम नेहमी एका मिनिटाच्या पुढून चढवायचा, ही तिथली पद्धत. नवी कोरी टेप उघडली, की ते पहिलं मिनिट खांब दिव्यांच्या तपासणीला वापरून टाकी. पुढे टेप कितीदा पुसली तरी ती त्या मिनिटानंतरचीच. एकशे चाळीस टेपा होत्या. यंत्र आपोआप मिनिट सोडून पुढे जाई, आणि मागे जाऊन बघायचं कोणाला काही कारण नव्हतं. मुलीने चुकून मागे नेऊन पाहिलं.

पडद्यावर टेपबाई होत्या. सव्वीस वर्षांच्या, केसांत वाकडा भांग, छातीशी कागद. आणि पडद्याबाहेरून, खरखरत, पण अगदी जवळून, आवाज आला, "आज काय केलंत?"

टेपबाई स्टुलावर बसल्या.

"अहो, प्रत्येक टेपेवर तुम्हीच आहात," मुलगी म्हणाली. "बत्तीस वर्षांतलं दुसरं काहीच उरलं नाही, फक्त तुम्ही. म्हाताऱ्या होत जाताय, एक स्वेटर तर पाच वर्षं तोच." तिचे डोळे चमकत होते. तिला तिचा कार्यक्रम सापडला होता.

तीन दिवस टेपबाई तिच्या शेजारी बसून टेपांच्या तारखा सांगत राहिल्या. तारखा हे निमित्त. त्या ऐकत होत्या. पुसल्याचा बोल आपल्यावर येईल, ही भीतीही आता उरली नव्हती, एकच हवं होतं. तो प्रश्न, त्या आवाजात, आपल्यापाशी. हातात फोन होता, नुसता समोर धरला असता तरी झालं असतं. पण मुलगी शेजारी, एडिटर मागे, आणि कोणी विचारलं असतं की कशाला, तर काय सांगायचं? परक्या बाईच्या नवऱ्याने मला फ्लॉवरबद्दल विचारलं म्हणून? टेपा इमारतीबाहेर न्यायला बंदी होती, ती त्यांनीच बत्तीस वर्षं पाळली आणि पाळायला लावली होती. नेल्या असत्या तरी लावणार कशावर? ते यंत्र आता फक्त इथेच उरलं होतं, आणि टेपांबरोबर तेही भंगारात जाणार होतं. मग त्यांनी मनाशी ठरवलं, कार्यक्रमात येईलच. भाच्याला फोन करून सांगितलं, सातचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून ठेव, एकही मिनिट सोडू नकोस. भाचा म्हणाला, मावशी, तू टीव्हीवर? आणि इतका हसला, की त्याची बायको विचारायला आली.

शेवटच्या दिवशी टेपबाईंनी औषधाचा डबा हलवून दुसरा बर्नर पेटवला. फ्लॉवर केला. सातला ताट घेऊन टीव्हीसमोर बसल्या.

कार्यक्रम चांगला झाला, असं सगळे म्हणाले. टॉवर, जुनं गोदाम, साहेबांचं भाषण, आणि मध्ये पाच मिनिटं टेपबाई. एकामागून एक चेहरे, वाकडा भांग, सरळ भांग, पांढरे केस, निळा स्वेटर, चष्मा. सगळे ओठ हलवणारे. आणि वर व्हायोलिन.

खांबाचा एक शब्दही नव्हता.

ताट पुढ्यात तसंच राहिलं. वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणाली, छान दिसत होतीस हो, पण ते मासोळीसारखं तोंड काय उघडत होतीस? आणि तो स्वेटर अजून टाकला नाहीस? टेपबाई म्हणाल्या, टाकला. वहिनी म्हणाली, बरं केलंस.

सकाळी त्या आठलाच स्टेशनात हजर झाल्या. हजेरीपट कालच बंद झाला होता. भंगारवाल्याचा टेम्पो साडेआठला येणार होता. टेपांची खोली अर्धी रिकामी, कपाटांची दारं उघडी. मुलगी बॅग भरत होती. तिने पहिलंच विचारलं, म्युझिक कसं वाटलं.

"मला आवाज हवा होता," टेपबाई म्हणाल्या.

"कोणता आवाज? तुमचा?"

"विचारणाऱ्याचा."

मुलगी जरा गोंधळली. खरखर फार होती, म्हणाली, आणि बोलणं तर सगळं भाजीचं, नळाचं. लोकांना काय कळणार? बोलता बोलता ती थांबली. टेपबाईंच्या हातात फोन होता, रेकॉर्डिंगसाठी उघडून धरलेला. गुंडाळून ठेवलेली वायर सोडून तिने यंत्र पुन्हा जोडलं.

"वेळ एखाद-दुसऱ्या टेपेपुरताच आहे, मावशी. कुठली लावू? तुम्हाला तारखा पाठ आहेत."

टेपबाईंना आई गेल्यानंतरच्या सहाव्या दिवसाची आठवण झाली. पण त्या दिवशी नवी टेप उघडलीच नसावी; तीन दिवस ऐकूनही तो दिवस कुठे आला नव्हता.

"कुठलीही चालेल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत तो एकच विचारतो."

मुलीने हाताला लागली ती टेप लावली, बॅग उचलली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

टेपबाईंनी स्टुलावर बसून फोन पडद्यासमोर धरला. पडद्यावर निळ्या स्वेटरातली बाई सरळ बसली, कागद नीट केला. दिव्याने डोळे बारीक केले. एक क्षण नुसती खरखर.

"आज काय केलंत?"

"अंडी," पडद्यावरची बाई म्हणाली. "आईला नको होती."

पण त्याच वेळी, आपण रेकॉर्ड करतो आहोत, गप्प बसायचं आहे, हे साफ विसरून टेपबाईही बोलून गेल्या. "फ्लॉवर," त्या म्हणाल्या. "काल केला. तसाच राहिला."

दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळली. फोनमध्ये ती आता तशीच राहणार होती, वेगळी करता न येणारी. पडद्यावरचा उजेड थोडा हलला. भिंगामागचा माणूस ऐकून घेत असावा तेवढा वेळ गेला.

"मिळाला आवाज. उठा."

टेपबाई उठल्या. टेप पूर्ण मागे गुंडाळली, काढली, डब्यात घातली, नंबर बघितला आणि कपाटात तिच्या जागेवर नेऊन ठेवली. बाहेर टेम्पोवाला मागे घ्यायला जागा मागत होता.