पंखावरचा पट्टा

पापा एबोलोंनी उमेदीची वीस वर्षं जंगलात आमिष म्हणून पाय उघडे टाकून चावऱ्या माश्या पकडण्यात घालवली होती. आता गुडघे साथ देईनात, म्हणून सांगमेलिमा गावच्या आरोग्यकेंद्रात बसून ते गावोगावहून फोनवर येणाऱ्या फोटोंतल्या गोमाश्या ओळखत.

त्या सकाळी सोलांज नर्सचा एक फोटो आला. नदीकाठी माणसं आंधळी करणाऱ्या रोगावरच्या गोळ्या वाटायला ती जंगलातल्या एका नव्या वस्तीत गेली होती. खाली लिहिलं होतं, ‘पापा, तुमच्या लाडकीनं कडकडून चावलंय. नाव सांगा हिचं.’

पापांनी चष्मा चढवला आणि त्यांचं हसू मावळलं. नारिंगी पोट, त्यावर दोन काळ्या रेघा. पंख मात्र सावलीत बुडालेले. नारिंगी पोटाच्या गोमाश्या तशा बऱ्याच. पण हिच्या पंखावर आडवा काळा पट्टा असला, तर ही माणसाच्या रक्तात लोआ जंत सोडणारी. त्या जंतांनी रक्त भरलेल्या माणसानं सोलांज वाटत होती ती गोळी घेतली तर तो बेशुद्ध पडतो, कधी उठतच नाही. पापांचा मेहुणा असाच गेला होता. आणि गोळ्या वाटायच्या सरकारी यादीत ही वस्ती ‘बिनधोक’ होती.

फोन लागेना. पाचव्यांदा लागला.

“गोळ्या किती जणांनी घेतल्या?”

“तिघांनी. चाळीस जण रांगेत आहेत. का हो?”

“थांबव.”

“पापा, मोहिमेचे साहेब दुपारपर्यंत वस्ती उरका म्हणालेत. एका धूसर फोटोवर थांबवू? आणि तुमचं चुकलं तर?”

“तर माझं नाव सांग. म्हाताऱ्याचं डोकं बिघडलंय म्हण. ओली लाकडं पेटव, धुरावर ती येतेच. पंख नीट दिसले की फोटो काढ.”

सोलांज कुरकुरली, पण रांग थांबली. पापा फोनकडे टक लावून बसले. मधे साहेबांचे दोन फोन आले, ते त्यांनी उचललेच नाहीत. पाऊण तासानं फोटो आला. सोलांजची पोटरी, तिच्यावर माशी, आणि पंखावर काजळाचं बोट ओढल्यासारखा पट्टा.

मग पापांनी स्वतःच साहेबांना फोन लावला आणि रक्त तपासणारी माणसं वस्तीवर धाडायला लावली. हे जंत रक्तात भर दुपारी उतरतात, म्हणून त्यांनी दुपारीच सगळ्यांच्या बोटांतून रक्त घेतलं. रांगेतल्या सहा जणांच्या थेंबात जंत नुसते वळवळत होते. गोळी घेतलेल्यांपैकी दोघांचं रक्त साफ निघालं. तिसरी, कोकोच्या मळ्यात राबणारी मेंगे, हिच्या रक्तात मात्र जंत होते; दुसऱ्या दिवशी ती बरळू लागली.

तिला आरोग्यकेंद्रात आणलं, आणि पापा चार दिवस तिच्या खाटेशी बसून होते. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि भाजलेलं केळं मागितलं. पापांनी आणून दिलं, तर कच्चंच राहिलंय म्हणून तिनं त्यांनाच दटावलं.