न विचारता उचललेलं ओझं

सगळं गाव तिला शिट्टीताई म्हणायचं. पोहण्याच्या तलावावर शिकवायची. गळ्यात शिट्टी, अंगाला कायम क्लोरीनचा वास, आणि आवाज असा की पाण्याखाली गेलेल्या पोरालाही ऐकू जावा. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या बहिणीच्या वेण्यांपासून तिचे ताप, तिच्या परीक्षा, सगळं हिनंच निस्तरलं. पुढे पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले. पण कुणी "ताई, आता जरा दमानं" म्हटलं की हिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगायची.

तलावावर रोज सकाळी पोहायला एक दातांची डॉक्टरीण यायची. ती ध्रुवाकडच्या एका बर्फाच्या पठारावर मोहिमेला जाऊन आली होती. पायांत स्की बांधून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचं. तंबू, स्टोव्हचं तेल, खाणं, सगळं घसरगाडीत भरायचं आणि ती गाडी कमरेच्या पट्ट्याला बांधून स्वतः ओढायची. पुढे एक वाटाड्या असतो.

"आणि मग?" ताईनं विचारलं.

"मग काय? ओढायचं, खायचं, झोपायचं. उठून पुन्हा ओढायचं."

"एवढंच? हे मला जमेल," ताई म्हणाली, आणि ओल्या टाइल्सवर धावणाऱ्या एका पोरावर ओरडायला निघून गेली.

पण डोक्यातून ते जाईना. तिनं तलावामागच्या मैदानात ट्रकचा जुना टायर दोरीनं कमरेला बांधून ओढायला सुरुवात केली. लोक गच्चीवरून बघायचे. सुट्टीत बर्फाच्या डोंगरावर जाऊन ती स्की शिकली, तेही शाळकरी मुलांच्या तुकडीत, कारण मोठ्यांच्या तुकडीत नवशिक्यांना जागा नव्हती. मुलं पडली की उठायची. ही पडली की मास्तर धावत यायचे. त्याचाही तिला राग आला.

मोहिमेत तिची जागा पक्की झाल्यावर दादाच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती सभा भरली. ताई तिथंच बसली होती, पण बोलणं तिच्याविषयी चाललं होतं, तिच्याशी नव्हे.

"एकटीला पाठवायचं नाही," दादा वहिनीला म्हणाला. "धाकटीला बरोबर देऊ. ती पळायच्या शर्यतीत भाग घेते, बँकेत एवढी माणसं सांभाळते, हिलाही सांभाळेल."

"मी काय पार्सल आहे, कुणाच्या तरी ताब्यात द्यायला?" ताईनं ताट पुढे ढकललं.

"अगं, तुझ्या काळजीपोटीच बोलतोय ना!"

धाकटी मध्ये पडली. "ताई, मला खरंच यायचंय. दादा म्हणतोय म्हणून नाही."

ताईला ते अर्धं खरं वाटलं. पण अर्ध्या खऱ्यावर तिनं धाकटीचे आजवर बरेच हट्ट पुरवले होते. हाही पुरवला.

बर्फावर पहिले काही दिवस जीव काढणारे होते. किनाऱ्यावरून पठारावर चढताना घसरगाडी मागे खेचायची, जणू कुणी पट्टा धरून बसलंय. टोळीत दोघी बहिणी, एक सुतार, एक नवराबायको आणि वाटाड्या. लाल दाढीचा, मोजकं बोलणारा माणूस. ताई शेवटी असायची. विश्रांतीच्या जागी ती पोहोचेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन झालेला असायचा आणि निघायची वेळ झालेली असायची. ती उभ्यानंच दोन घोट घ्यायची आणि पुन्हा पट्टा ओढायची.

मग पठार आलं. चारी बाजूंना पांढरं, वर तोच रंग, मधे सहा माणसं. आणि एका सकाळी ताईला वाटलं, गाडी हलकी झाली! पाय आपोआप पडत होते. विश्रांतीला ती सुताराच्या बरोबरीनं पोहोचली. सुतारानं टाळी दिली.

तंबूत स्टोव्हवर बर्फ वितळत असताना ती धाकटीला म्हणाली, "बघितलंस? अंग तयार व्हायला वेळ लागतो माझं. टायर काही उगाच नाही ओढला."

"तू आहेसच तशी," धाकटी हसून म्हणाली.

त्या आठवड्यात ताईसारखी सुखी बाई त्या बर्फावर दुसरी नव्हती. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता आणि ताईची बडबड थांबत नव्हती. परत गेल्यावर दादाला काय काय ऐकवायचं ते ती ओढता ओढता जुळवायची. धाकटी मात्र आता मागे पडायला लागली होती. ताईनं तिची जरा थट्टाही केली. "बँकेतल्या खुर्चीनं वाट लावली गं तुझी!" धाकटी तेव्हाही हसली.

पुढे वाऱ्यानं कोरलेले बर्फाचे वरंबे लागले, गुडघाभर उंच, दगडासारखे कडक. धाकटीची गाडी एका वरंब्यावरून कलंडली आणि धाकटी तिच्याबरोबर आडवी झाली. ताई मागे फिरली. तिला उठवलं, गाडी सरळ करायला लागली, तर झाकणाचा पट्टा सुटला आणि दोन पिशव्या बर्फावर घरंगळल्या. दोन्हींवर पिवळी चिकटपट्टी होती. ताईनं निघण्याआधी स्वतःच्या खाण्याच्या पिशव्यांना स्वतः लावलेली. पाठोपाठ तिचा तेलाचा डबा बाहेर आला.

ताईनं एक पिशवी उचलून पट्टी बघितली. वारा कानात घोंघावत होता.

"हे माझं आहे."

"ताई, ऐक ना..."

"कधीपासून?"

धाकटी दुसरी पिशवी उचलायला वाकली.

"कधीपासून, विचारतेय मी!"

"चढ संपला तेव्हापासून. तू रोज इतकी थकून यायचीस, धड चहाही मिळायचा नाही तुला. मला बघवेना. तू सकाळी तंबू आवरायचीस तेव्हा मी..."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि मी रोज तुला सांगत होते, अंगात बळ आलंय म्हणून. सुतारानं टाळी दिली मला. मी तुझी थट्टा केली, माझंच ओझं ओढून दमलेल्या बाईची! आणि तू हसत होतीस?"

"तू खूश होतीस गं."

"मला खूश नव्हतं व्हायचं! मला ओढायचं होतं!"

वाटाड्या परत आला. वाऱ्यात उभं राहणं बरं नाही, म्हणाला. ताईनं त्याच्याकडे मोर्चा वळवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. टोळीचा वेग मला बघावा लागतो. तुम्ही मागे पडत होतात. तिनं विचारलं, मी होकार दिला."

"तिनं तुम्हाला विचारलं, तुम्ही तिला होकार दिलात. आणि ज्या बाईचं सामान, ती कुठे गेली होती? मेली होती का? तुम्ही मागे पडताय, हे मला तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

वाटाड्यानं दाढीवरचं बर्फ झटकलं. "सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

ताईनं पिशव्या आणि डबा आपल्या गाडीत भरले. कुणाचा हात लागू दिला नाही. मग ती निघाली, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी जड झाली. दोन विश्रांत्यांपर्यंत ती दात ओठ खात ओढत राहिली. पुढे सगळे उभे राहून तिची वाट बघत होते. सुताराची बोटं गारठून पांढरी पडली होती, तो ती काखेत दाबून उड्या मारत होता. ते बघून ताई थांबली. तेलाचा डबा काढला आणि सुताराच्या पुढ्यात ठेवला.

"हा न्याल का? मला एवढं जमत नाहीये."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं असावं. सुतारानं डबा घेतला. धाकटी पुढे सरकली, तशी ताई म्हणाली, "तुला नाही सांगितलेलं."

उरलेले दिवस एकाच तंबूत दोघी "चमचा दे", "सरक जरा" एवढंच बोलल्या. ताई शेवटीच पोहोचायची, पण आता तिचा चहा राखून ठेवलेला असायचा. माझा चहा ठेवा, असं तिनं स्वतःच सर्वांना सांगितलं होतं. पलीकडच्या किनाऱ्याचे काळे खडक दिसले तेव्हा धाकटी रडायला लागली. ताईनं तिच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. राग गेला नव्हता.

घरी दादानं सगळ्यांना बोलावलं. "धाकटी होती म्हणून निभावलं हो!" असं तो म्हणाला मात्र, ताई उठून उभी राहिली.

"नीट ऐक. मी सगळ्यांत हळू होते. हिनं आठवडाभर माझं सामान ओढलं, मला न सांगता. मग मी ते परत घेतलं, आणि जेवढं झेपेना तेवढं मागून दुसऱ्याला दिलं. असं झालं ते. तुला सांगायचं तर असंच सांग."

"अहो, मग बहिणीचे उपकार मानायचे, की रागवायचं?" वहिनी हसली.

"वहिनी, तिचा राग बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "मी विचारायला हवं होतं."

तेव्हापासून धाकटी विचारते. इतकं विचारते की ताईला आता त्याचा वैताग आलाय. परवा तलावाच्या कचेरीत ती थर्मास घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, तुझा चहा मी ओतू का?"

"ओत की बाई!" ताई खेकसली. "चहाच आहे तो!"